फळ्यावरचा शेवटचा माणूस

मालगाड्यांच्या त्या छोट्या रेल्वेत ड्रायव्हरच्या घरचा फोन वाजला की बायका म्हणायच्या, "घ्या, सवत आली." ही सवत म्हणजे क्रू रूममधल्या उठाताई. कुठली गाडी कोण नेणार ते ठरवायचं, तो माणूस घरी झोपलेला असला तर त्याला उठवायचं, आणि तो वेळेवर इंजिनावर चढेल असं पाहायचं, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्या लोकांच्या झोपा मोडत आल्या होत्या, म्हणून उठाताई. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडत नसे.

अंगाने लहानखुऱ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज इतका बारीक की समोरचा माणूस नकळत पुढे वाके. एवढ्याशा आवाजाने धिप्पाड ड्रायव्हर ताडकन उठून बसतात याची त्यांच्या नवऱ्याला फार गंमत वाटायची. "मला मात्र घरात कधी उठवत नाही हो," तो लोकांना सांगायचा. खरं होतं ते. झोपलेल्या माणसाला हात लावणं उठाताईंना घरी जमत नसे. नवरा नऊ वाजेपर्यंत घोरला तरी त्या पायांचा आवाज न करता आवरून निघून जात.

क्रू रूम म्हणजे दुमजली इमारतीतली खालची खोली. एक लोखंडी कपाट, पाण्याचा पिंप, बसून बसून गुळगुळीत झालेलं लांब बाकडं आणि यार्डाकडे उघडणारी खिडकी. भिंतीवर हिरवा लाकडी फळा. फळ्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक माणसाच्या नंबरचा एक पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्याची एक बाजू लाल, दुसरी पांढरी. ड्यूटी संपवून माणसाने सही केली की उठाताई त्याचा बिल्ला लाल बाजूने टांगत. दहा तासांची विश्रांती पुरी झाली की उलटा करून वरच्या रांगेत पांढरा लावत. वरच्या रांगेत जेवढे पांढरे, तेवढी माणसं गाडीवर पाठवायला मोकळी.

पूर्वी ड्रायव्हर सव्वीस होते. आता सतरा. गाड्या मात्र तेवढ्याच, उलट दगडखाणवाल्यांनी दोन वाढवून मागितलेल्या. सकाळी खोलीत आल्यावर उठाताई खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी पांढरे बिल्ले मोजत. चार असले तर चहा घेत. तीन असले तर चहा निवून जाई. दोन किंवा एक असला की चहा मागवतच नसत.

लोकांना वाटे, गाडीला उशीर होईल आणि वरून बोलणी बसतील म्हणून ही बाई एवढी घाबरते. बोलणी त्यांनी पुष्कळ खाल्ली होती, त्याचं त्यांना काही वाटत नसे. भीती वेगळीच होती. आपण एखाद्या दिवशी न झोपलेला माणूस गाडीवर पाठवू, ही. कधी कधी भाजी निवडताना मध्येच त्यांचा हात थांबे आणि त्या मनातल्या मनात काल पाठवलेल्या माणसांचे चेहरे आठवून बघत. नवरा विचारी, "गेली का गाडी?" त्या म्हणत, "पोचली असेल."

हे काम त्यांना शिकवलं ते म्हाताऱ्या बाबूंनी. त्यांच्या आधी तीस वर्षं याच फळ्यासमोर बसलेला तो माणूस. बाबू सांगायचे, "कागदावर दहा तास लिहिले म्हणून माणूस दहा तास झोपला असं समजू नकोस. तो इथून गेला, एवढंच आपल्याला माहीत. पुढचं त्याच्या आवाजातून काढायचं." आणि आवाजातून काढायची त्यांची एक रीत होती. फोनवर माणसाला वार विचारायचा. "गाढ झोपेतून उठलेल्याला वार चटकन आठवत नाही. आपल्या माणसांना तर नाहीच, त्यांचे रविवार-सोमवार आपणच खाल्लेले असतात. जो खाडकन वार सांगेल तो जागाच होता, असं समज. मग त्याच्या बायकोशी बोल."

उठाताईंनी ही रीत एकोणीस वर्षं पाळली. ड्रायव्हर वैतागायचे. "वार तुम्हीच ठरवता, ताई, मला काय विचारता?" असं एक जण नेहमी म्हणे. दुसरा आधी बायकोला ओरडून विचारी आणि मग सांगे. या चिडण्यावरूनच उठाताईंना अर्धं कळे.

दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर नवे साहेब आले आणि त्यांनी नकाराचा नियम आणला. कागदावर विश्रांती पुरी झालेली असताना माणूस येत नाही म्हणाला, तर तो नकार. कारण काहीही असो. वर्षात तीन नकार झाले की त्याला लांबच्या गाड्यांवरून काढायचं आणि यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे ढकलायला लावायचं. माणसं कमी पडू नयेत म्हणून साहेबांनी हे काढलं. माणसं काही वाढली नाहीत, पण ती फोनवर जपून बोलायला लागली. पूर्वी एखादा सरळ सांगे, "ताई, पोराला ताप आहे, रात्रभर डोळा लागला नाही, दुसऱ्याला बघा." आता सगळेच झोपलेले असत.

जावईबापूंचे त्या वर्षी दोन नकार झाले होते. एक बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, एक पाठ धरली तेव्हा. वय सत्तावन्न. म्हाताऱ्या बाबूंची मुलगी त्यांनी केली म्हणून साऱ्या रेल्वेने त्यांना जावईबापू करून टाकलं होतं, आणि आता त्यांनाच जावई आला तरी ते जावईबापूच राहिले होते. बत्तीस वर्षं इंजिनावर. आठवड्यातून एकदा तरी खाणीचा दगड खिंडीपलीकडे उतरवणारा माणूस. यार्डात डबे ढकलायची कल्पना त्यांना सहन होत नसे. "त्यापेक्षा मला त्या पाण्याच्या पिंपावर बसवा," ते म्हणायचे, "येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी तरी देईन."

तो मंगळवार होता. सकाळी फळ्यावर पांढरे दोन. दहाच्या सिमेंटच्या गाडीवर एक गेला. उरला एक, जावईबापूंचा. त्यांनी आदल्या रात्री आठला सही केली होती, म्हणजे सकाळी सहालाच बिल्ला पांढरा झालेला. कागदावर सगळं चोख.

साडेअकराला वरून साहेबांचा फोन आला. "दगडाची गाडी भरून उभी आहे. बेचाळीस वॅगन. चारला पुढचा रूळ दुरुस्तीसाठी बंद होतोय. एकच्या सुमारास निघालीच पाहिजे. माणूस आहे ना?"

"एक आहे."

"मग बोलवा की."

उठाताईंनी फोन लावला. बऱ्याच घंटा गेल्या.

"जावईबापू, उठाताई बोलतेय."

"हं... बोला ताई."

"दगडाची गाडी आहे. साडेबाराला या. आज वार कुठला?"

पलीकडे थोडं थांबणं झालं. मग एक लांब जांभई. "वार... सोमवार असेल. नाही नाही, मंगळवार का हो?"

"झोप झाली?"

"झाली की. तुम्ही उठवलंत म्हणून, नाहीतर अजून तासभर ताणून दिली असती."

फोन ठेवला तरी उठाताईंचा हात त्यावरून निघेना. उत्तर अगदी हवं तसं होतं. पण काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते थोड्या वेळाने ध्यानात आलं. वार विचारला की जावईबापू हसायचे. दर वेळी. "सासरेबुवांचा प्रश्न मला नको, पोरी, तो मी जेवणाच्या ताटावर हजारदा ऐकलाय," असं म्हणून मगच सांगायचे. बाबूंनी ती रीत घरी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना कौतुकाने ऐकवलेली. कुठलं उत्तर झोपलेल्याचं आणि कुठलं जाग्याचं, हे सगळ्या रेल्वेत सगळ्यांत चांगलं कोणाला ठाऊक असेल तर या माणसाला. आज ते हसले नव्हते. सरळ, शहाण्या मुलासारखं उत्तर दिलं होतं.

आता पुन्हा फोन करावा, वहिनींना बोलवा म्हणावं. उठाताईंनी हात उचललाही. तेवढ्यात साहेबांच्या फोनची घंटा वाजली.

"मिळाला का माणूस?"

फळ्यावर दुसरा पांढरा बिल्ला नव्हता. उठाताई म्हणाल्या, "मिळाला." आणि बिल्ला दगडाच्या गाडीच्या खिळ्याला अडकवला.

साडेबाराला जावईबापू आले. केस ओले, दाढी नुकती केलेली, हनुवटीवर कापल्याची एक बारीक रेघ. उठाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पातं जुनं झालंय," ते स्वतःच म्हणाले.

सगळे त्या बाकड्यावर टेकत, बूट सैल करत, मग सही करत. जावईबापूंनी उभ्यानेच सही केली आणि उभेच राहिले, पाठीने भिंत धरून. त्यांच्याबरोबर गाडीच्या मागच्या डब्यात जाणारा गार्ड मोठा गप्पिष्ट माणूस. तो म्हणाला, "आज जावईबापू फार गप्प. सासरी आल्यासारखे."

"तू बोलतोयस ना दोघांचं," जावईबापू म्हणाले.

पाणी पिऊन दोघं निघाले. एक वाजून पाच मिनिटांनी गाडी सुटली. खिडकीतून बेचाळीसच्या बेचाळीस वॅगन जाईपर्यंत उठाताई उभ्या होत्या. मग बसल्या, डबा उघडला, आणि पुन्हा बंद केला.

दोनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. बाहेरचा.

"सवतबाई, मी बोलतेय." जावईबापूंची बायको. आवाज हसण्यारडण्यातला. "अहो, आजी झाले मी! मुलगी झाली लेकीला, आत्ता, वीस मिनिटं झाली. फार अडली होती हो, डॉक्टर सुद्धा घाबरले होते."

"बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?"

"आता बऱ्या आहेत. यांना सांगायचंय, तर मोबाइल बंद, घरचा फोन उचलत नाहीत. मेल्यासारखे झोपले असतील. झोपतीलच. काल रात्री ड्यूटीवरून उतरले ते घरात न टेकता इकडे दवाखान्यात आले. आमचे जावई परगावी ना, मग हेच रात्रभर त्या लाकडी बाकावर. डोळ्याला डोळा नाही. अकराला मीच बळेबळे घालवलं घरी, म्हटलं अंघोळ करून पडा जरा. ताई, कोणाला तरी पाठवून आमचं दार वाजवा ना. आजोबा झालात म्हणावं, उठा आता."

दगडाच्या गाडीच्या खिळ्यावरच्या बिल्ल्याकडे उठाताईंची नजर गेली.

"मी कळवते त्यांना," त्या म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. कसं कळवायचं, तेवढंच त्यांना माहीत नव्हतं.

काल सकाळी दहाला ड्यूटीवर आलेला माणूस. म्हणजे उठला असेल आठला. कालचे आठ ते आजचे आठ, आणि वर सहा. तीस तास जागा. त्यांनी दोनदा मोजलं, तीसच आले.

पुढचा रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण पाठ होता. गाडी आता चढावर असणार. चढ संपतो तिथे खिंडीचं स्टेशन. दोन माणसांचं, एक स्टेशन मास्तर आणि एक रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. मालगाड्या तिथे थांबत नाहीत, हिरवा सिग्नल बघून तशाच पुढे जातात. आणि पुढे चौदा किलोमीटर उतार. बेचाळीस वॅगन दगड त्या उतारावर सांभाळत, ब्रेक लावत-सोडत न्यायचा, हे जाग्या माणसाचंही अंग घामाने भिजवणारं काम. उताराच्या तळाशी गाव, शाळेशेजारचं फाटक, आणि दोन पन्नासला स्टेशनात उभी असणारी प्रवाशांची गाडी.

दगडाची गाडी खिंडीत यायची सव्वादोनला. इंजिनात दर मिनिटाला दाबायचं एक बटण असतं, न दाबलं तर गाडी आपोआप थांबते. पण उठाताईंना ड्रायव्हरांनीच सांगितलं होतं, की सवयीचा हात ते बटण झोपेतही दाबतो.

जिन्याला बावीस पायऱ्या. उठाताईंचे गुडघे दुखरे, एरवी त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत. त्या दिवशी कशा चढल्या ते त्यांना आठवत नाही.

"साहेब, दगडाची गाडी खिंडीत थांबवा."

साहेब जेवून नुकते हात पुसत होते. "का? काय झालं?"

"ड्रायव्हर झोपलेला नाही. रात्रभर दवाखान्यात होता."

"कागदावर विश्रांती पुरी आहे ना? मी पाहिलंय."

"कागदावर आहे."

"मग झालं."

"कागद झोपलाय, साहेब. माणूस जागा आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्यावरही वरचे होतेच. "उठाताई, थांबवली तर खाली कोण नेणार? तुमच्याकडे दुसरा माणूस आहे?"

"नाही."

"चारला रूळ बंद होतोय. गाडी खिंडीत अडकली तर मागच्या तीन अडकतील. उद्या सकाळपर्यंत सगळं ठप्प."

"होऊ दे."

"होऊ दे? मला विचारतील, कशाच्या आधारावर थांबवली. बायकोचा फोन आला म्हणून? आणि त्या माणसाचं काय होईल माहीत आहे ना? झोप न घेता गाडी नेली म्हणजे नकार-बिकार नाही, सरळ घरी. निवृत्तीला सोळा महिने राहिलेत त्याचे."

हे उठाताईंना जिन्यातच माहीत झालं होतं. आणि तिथेच एक पळवाटही सुचली होती. एखाद्या वॅगनच्या चाकातून धूर येताना कोणीतरी पाहिला, असं सांगायचं. असा निरोप आला की गाडी थांबतेच, कोणी कारण विचारत नाही. पण थांबल्यावर काय? ड्रायव्हरने उतरून वॅगन तपासायच्या, सगळं ठीक आहे म्हणायचं, आणि तोच माणूस, तेच डोळे, पुन्हा उतारावर.

"आधार माझा लिहा," त्या म्हणाल्या. "मला फोनवरच शंका आली होती. तरी मी पाठवला. मी लिहून देते. पण आधी थांबवा."

साहेब हात पुसायचा रुमाल तसाच धरून उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच. उठाताईंनी टेबलाला वळसा घातला आणि स्टेशनांशी थेट जोडलेला कंट्रोलचा फोन स्वतः उचलला. त्या फोनला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता. साहेबांनी अडवलं नाही.

"खिंड," पलीकडून स्टेशन मास्तर म्हणाले. सावकाश बोलणारा म्हातारा माणूस.

"उठाताई बोलतेय. दगडाची गाडी थांबवा. ड्रायव्हर न झोपलेला आहे."

"अहो, मी तर हिरवा देऊन बसलोय."

"लाल करा."

"केला." सिग्नलच्या दांड्याचा खट्ट आवाज फोनमध्ये ऐकू आला. मग मास्तर तेवढ्याच सावकाश म्हणाले, "पण ताई, लाल मी केला तरी बघायचा त्यालाच आहे."

एवढा वेळ उठाताईंनी फक्त सिग्नलपर्यंतचा विचार केला होता.

"वॉकीटॉकी?"

"लावतो. तीन-चार किलोमीटरवर आला की लागतो. फोन ठेवू नका." मग लांबून, दारात उभं राहून पॉइंट्समनला हाक मारल्यासारखं, "अरे, लाल झेंडा घे आणि पळ! सिग्नलच्याही पुढे जा!"

फोनमध्ये खोलीचे आवाज येत राहिले. कुठेतरी एक खुर्ची सरकली. मास्तर वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला हाका मारत होते. "दगडाची गाडी, ड्रायव्हर, बोला. ड्रायव्हर, बोला." नुसती खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. साहेब आता उठाताईंच्या अगदी शेजारी येऊन उभे होते, रिसीव्हरला कान लावून, शाळेत दोन मुलं एका पुस्तकात डोकावतात तसे.

मग एक आवाज आला. गार्डचा. "ऐकतोय मास्तर, काय झालं?"

"तुझ्या ड्रायव्हरला हाका मारतोय, उत्तर नाही. पुढे लाल आहे. तुला दिसतंय का तो काय करतोय?"

"मी मागच्या डब्यात, बेचाळीस वॅगन पलीकडे, मला काय दिसणार? चाल कमी नाही झाली अजून."

"मग तू तुझ्या डब्यातला ब्रेक मार."

"मारू?"

"मार! मार म्हणतोय ना!"

त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. उठाताई नंतर सांगत, त्या वेळात त्यांना जावईबापू दिसले नाहीत, खालचं गावही दिसलं नाही. फक्त हनुवटीवरची ती बारीक रेघ दिसत राहिली. दाढी करणारा हात त्या माणसाच्या ताब्यात नव्हता, हे आपण पाहिलं होतं, आणि तरी त्याला पाणी पिऊन जाऊ दिलं.

"थांबली," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"सिग्नलच्या अलीकडे. दोन वॅगन अंतर राहिलंय. माझा माणूस झेंडा घेऊन रुळातच बसलाय."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. उठाताई उभ्याच राहिल्या, कारण फोनची वायर खुर्चीपर्यंत पोचत नव्हती.

ब्रेक आधी कोणी लावला, हे पुढे चौकशीतही ठरलं नाही. गार्ड म्हणे मी, जावईबापू म्हणत मी. कागदावर दोघांचंही लिहून घेतलं. पण मास्तरांनी चौकशीत एक गोष्ट सांगितली नाही, ती उठाताईंना त्याच दिवशी फोनवर सांगितली. ते इंजिनावर चढले तेव्हा जावईबापू उभे होते. दोन्ही हात समोरच्या दांड्यांवर, डोळे उघडे. मास्तरांना पाहून ते अगदी अदबीने म्हणाले, "कुठलं स्टेशन हे?"

बत्तीस वर्षं ज्या खिंडीतून गेले, तिथे.

साहेबांनी मागच्या तीन गाड्या अडवल्या, वरच्यांचे फोन घेतले आणि त्यातला एकही उठाताईंपर्यंत पोचू दिला नाही. मध्येच रिसीव्हरवर हात ठेवून ते म्हणाले, "त्याला आणायला गाडी पाठवतोय. तुम्ही जाता का? तुमचं ऐकेल."

"ऐकणार नाहीत," उठाताई म्हणाल्या. पण गेल्या.

रेल्वेची जुनी व्हॅन. चालवणारा माणूस ओळखीचा, क्रूला इकडून तिकडे नेण्याचं काम करणारा. दीड तासाचा वळणावळणांचा रस्ता. खिंडीच्या स्टेशनात जावईबापू मास्तरांच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. झोपले नव्हते. उठाताईंना पाहून उठले, पिशवी उचलली आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. उठाताई पुढे बसल्या.

पहिलं वळण गेल्यावर त्या मागे वळल्या. "लेकीला मुलगी झाली. दीडला. दोघी बऱ्या आहेत."

जावईबापूंनी खिडकीकडे तोंड केलं. "दीडला मी कुठे होतो?"

"चढ लागला असेल."

"काही आठवत नाही बघ." पुढच्या वळणानंतर ते म्हणाले, "तू थांबवलीस गाडी?"

"हो."

"नकार लावला असता तरी चाललं असतं, पोरी. सकाळीच लावायचास."

"तुम्ही सोमवार म्हणालात."

"म्हणालो." ते किंचित हसले, पण चेहरा हसला नाही. "आता घरी बसवतील मला."

"बसवतील बहुतेक. मलाही काहीतरी करतील."

"तुला काय करणार? तुझ्यासारखा फोन करायला दुसरं कोण आहे?" मग एकदम आवाज चढवून, "सोळा महिने राहिले होते माझे! सोळा! नेली असती मी गाडी. आजवर नेलीच ना?"

उत्तर उठाताईंकडे होतं, मास्तरांनी फोनवर दिलेलं. पण या माणसाला आज ते ऐकवणं त्यांना जमेना. त्यांनी पुढे तोंड केलं. आणखी काही शब्द येतील म्हणून मान आखडून वाट पाहिली. आले नाहीत. मागे पाहिलं तर जावईबापू झोपले होते. डोकं काचेवर, तोंड उघडं, पिशवी मांडीवरून घसरून पायाशी. व्हॅन खड्ड्यात आदळली तरी त्यांना कळलं नाही.

उतार लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा मध्ये मध्ये तुटलेला. उठाताई जरा सैलावून बसल्या. आणि मग शेजारी पाहिलं. व्हॅन चालवणारा दोन्ही हातांनी चाक धरून सरळ समोर बघत होता. पापणी फार वेळाने मिटत होती.

"तुम्ही सकाळी किती वाजता निघालात?" त्यांनी विचारलं.

"पाचला. सिमेंटवाल्यांना सोडलं, मग यार्डातल्यांना, मग जंक्शनला दोन फेऱ्या. ही पाचवी."

"आणि काल?"

"काल पण तसंच." तो म्हणाला. "आमचा काही फळा नाही ना, ताई."

उठाताई सरसावून, त्याच्याकडे तोंड करून बसल्या आणि बोलायला लागल्या. घर कुठे, मुलं किती, थोरला कितवीत, बायकोचं माहेर कुठलं, छत गळतं का, गळत असेल तर कोणत्या कोपऱ्यात. तो एका शब्दात उत्तर देई, त्या त्यातून पुढचे तीन प्रश्न काढत. स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगितलं. चष्म्याची काडी कशी मोडली ते सांगितलं, मग काडी बांधायचा दोरा तीनदा का बदलावा लागला तेही. एवढं त्या अख्ख्या आठवड्यात बोलत नसत. मागचा माणूस जागा होऊ नये म्हणून आवाज मात्र बारीकच ठेवला होता, त्यामुळे व्हॅनवाल्याला ऐकायला सारखं पुढे वाकावं लागत होतं.

"ताई," शेवटी तो हसून म्हणाला, "तुम्ही एवढ्या बोलक्या आहात हे माहीतच नव्हतं मला."

"आता कळलं ना," उठाताई म्हणाल्या. नजर रस्त्यावरून हलवली नाही. "मग सांगा, तुमच्या धाकट्याचं काय?"